दहा वाजताची शेवटची फेरी

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. दोंडाईच्यात भिकुबाईंच्या गच्चीवर माझा मुक्काम. त्यांच्या घरी भाड्याने राहणाऱ्या ललिताने ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून मला घडवले आणि आपोआप वळता यावे म्हणून खाली मोटर बसवली. अंगाने मी काटकुळा. शेजारी मला पाहून हसत, पण माझी सोयरीक थेट आभाळाशी होती.

ललिताच्या कॉलेजातल्या मुलांनी दुधाच्या किटलीएवढा उपग्रह बनवला होता. तो ध्रुवांवरून जाई. तिथे सूर्याकडून आलेले कण वरच्या विरळ हवेवर आदळतात आणि सगळे आभाळ हिरवे उजळते. त्या उजेडातून धावत तो हवा मोजी, आणि दोंडाईच्यावर आला की मला सांगे. एवढासा जीव आणि केवढे पाहून आलेला! ऐकताना माझी नळी न् नळी शहारे.

यंदा उन्हाळ्यात सूर्यावर मोठे वादळ झाले. वरची हवा तापून फुगली, उपग्रहाची वाट अडू लागली आणि तो रोज खाली घसरू लागला. वादळाची सगळी नोंद त्याच्याच पोटात होती. मग एक दिवस असा उजाडला की सकाळी दहाची फेरी त्याची शेवटची होती.

नेमके त्याच सकाळी भिकुबाईंनी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातले. कावळे येऊ नयेत म्हणून चिंध्यांची दोरी ताणली आणि टोक माझ्या मानेला बांधले. वेळ झाली, मी वळू लागलो, दोरीने मला धरून ठेवले आणि माझी मोटर जळाली.

"माले काय माहीत, माय, हाई फिरस म्हनीसन," भिकुबाई रडवेल्या झाल्या.

ललिताला रागवायलाही वेळ नव्हता. तिने दोरी कापली. "अक्का, तुम्ही हाताने फिरवा. मला लॅपटॉपजवळ बसावं लागेल." मग ती खालून ओरडत राहिली, "धुळ्याकडे धरा... आता डोक्यावर... आता शहाद्याकडे."

पिठाच्या हातांनी म्हातारी मला फिरवत होती. ओले बिबडे पायाखाली तुडवले जात होते, पण तिने खाली पाहिलेच नाही. आठ मिनिटांत सगळे वादळ माझ्यातून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी उपग्रह जळून गेल्याचे ललिताने सांगितले. भिकुबाई बराच वेळ वर पाहत राहिल्या. "जी हवा मोजत व्हता, तिनामाच मिसळी गया," त्या म्हणाल्या.

ललिता आता धुळ्याला नोकरी करते. मला नवी मोटर काही कुणी बसवली नाही. भिकुबाई मात्र रोज दहाला वर येतात, माझ्यावरची धूळ पुसतात आणि मला धुळ्याकडून शहाद्याकडे एकदा फिरवतात. मित्रांनो, वर कुणीतरी बोलत असते. खाली ऐकणारा एक तरी नीट सांभाळा.