घोड्याचं सगळं काम

पैज लागली चहाच्या टपरीवर, आणि लावली ती शिंप्यानं. मेहुण्यानं नुसती मान हलवली, तीही इतकी बारीक की चहावाल्याला "हो म्हणालात ना?" असं परत विचारावं लागलं.

झालं होतं असं, की चौकातल्या जुन्या थिएटरवर नवं पोस्टर चढलं होतं. टोपी, पिस्तूल, धुरळा आणि मागे लालभडक डोंगर. ते पाहून शिंप्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण हाच तो सिनेमा. लग्न झाल्यापासून त्यानं याच सिनेमाचं पुराण ऐकलं होतं. समोरच्या सायकल दुकानात बसणारा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ तरुणपणी यात होता म्हणे. गावाबाहेरच्या दगडखाणीत परदेशी मंडळींनी तंबू ठोकले, शूटिंग केलं आणि ह्याला बोलावून घेतलं.

"घोड्याचं सगळं काम माझ्याकडे होतं," एवढंच मेहुणा सांगायचा आणि पंक्चर काढायला खाली वाकायचा. पुढचं सगळं वहिनी सांगायची, म्हणजे त्याची बायको. हे दौडत कसे यायचे, लगाम दातात कसा धरायचे, वगैरे वगैरे. ती काही तिथं नव्हती. पण तिच्या वडिलांनी सायकलवाला जावई नको म्हणून आधी तोंड फिरवलं होतं, आणि मुलगा सिनेमात होता हे कळल्यावरच ते वळले होते. म्हणजे वहिनीचा अख्खा संसार त्या घोड्यावर बसून आला होता. तिनं तो घोडा गल्लीत इतक्या वेळा फिरवला, की आता तो नव्हताच असं निघालं तर तिला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

शिंप्याचा धंदाच संशयाचा. गिऱ्हाईक कंबर सांगतं एक आणि टेप दाखवते दुसरीच. मेहुण्याच्या बाबतीत तर टेपचीही गरज नव्हती. गल्लीतलं कुत्रं जांभई द्यायला लागलं तरी हा माणूस दुकानात शिरायचा. हा घोडा पळवणार? शिवाय त्याच्या पँटी शिंपीच शिवायचा. गुडघे एकमेकांना घासायचे म्हणून आतल्या बाजूनं दरवेळी ठिगळ लावावं लागायचं. बरं, उभा राहिला की स्वस्थ नाही. डाव्या पायानं उजवी पोटरी खाजवत राहायचा. बाह्या मापताना शिंप्याला त्याच्याबरोबर डोलावं लागायचं.

तर पैज अशी. मेहुणा पडद्यावर दिसला तर शिंप्यानं भर चौकात घोडा व्हायचं आणि मेहुण्याला पाठीवर घेऊन शिलाईच्या दुकानापासून टपरीपर्यंत आणायचं. नाही दिसला तर मेहुण्यानं घोडा व्हायचं. घोडा म्हटल्याबरोबर मेहुण्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, दाजी, दुसरं काहीतरी ठेवू या ना. कोंबडा होऊ, हवं तर बेडूक होऊ.

"का? घोड्याचं काय वाकडं आहे?" शिंप्यानं विचारलं.

त्यावर मेहुण्यानं ती बारीकशी मान हलवून पैज घेतली. शिंप्यानं ते मनात टाचून ठेवलं.

दुपारच्या खेळाला सगळी गल्ली लोटली. वहिनीनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि शिंप्याच्या बायकोला शेजारी बसवून घेतलं होतं. शिंप्यानं मात्र मेहुण्याच्या बरोबर मागची खुर्ची धरली. नजर एकदा पडद्यावर, एकदा मेहुण्याच्या मानेवर. थिएटरच्या मॅनेजरशी मेहुणा दारात काहीतरी कुजबुजला होता. सीन पुढेमागे करून घेतला की काय? दिवे गेले तसा मेहुणा खुर्चीत घसरत घसरत इतका खाली गेला, की मागून नुसतं टक्कल दिसायला लागलं. आपल्याच सिनेमाला असा लपून कोण बसतं?

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत गल्लीचा हिरमोड झाला. असल्या सिनेमाला स्पॅगेटी वेस्टर्न, म्हणजे इटलीच्या शेवयावाल्यांचा काउबॉयपट म्हणतात, असं पोस्टरवर लिहिलं होतं. चहावाला म्हणाला, शेवया म्हणतायत खऱ्या, पण ह्यांनी त्या उकळायला पाण्याचासुद्धा खर्च केलेला नाही. लाल डोंगर वारा आला की हलायचा. दरोडेखोराची मिशी एका सीनला डावीकडे झुकायची, दुसऱ्या सीनला उजवीकडे. मेलेला माणूस माशी बसली म्हणून नाक उडवायचा आणि पुढच्या मारामारीत दुसरी टोपी घालून परत मरायला यायचा. नायक तेवढा बरा होता, पण तो बोलायचाच नाही. बहुधा शब्दामागे पैसे लावले असावेत.

शिंपी एकेक चेहरा टाचणीनं टोचल्यासारखा तपासत होता. हा? नाही, ह्याचे खांदे रुंद. तो? नाही, त्याची मान लांब. वहिनी अधूनमधून मोठ्यानं म्हणायची, आता येतील बघा. मग हळू आवाजात म्हणायला लागली. मध्यंतरानंतर तिनं म्हणणंच सोडलं. शिंप्याच्या बायकोनं मागे वळून नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याला पैज जिंकल्यावर घरी जायचं की नाही हा विचार पडला.

आणि मग त्या घोड्यानं त्याचं लक्ष वेधलं.

सुरुवातीला एक खरा घोडा होता. तो एकदा पळाला तो पळालाच. पुढे नायकाचा घोडा कायम कशाच्या तरी आड उभा. कधी कुंपणामागे, कधी पिंपामागे, कधी धुरात. पुढचा भाग जरा तरी ऐटीत मान हलवायचा. मागचा भाग बिचारा नंतर यायचा, उशीर झाल्यासारखा. शिंप्याला आधी कापड दिसलं. ताग्यावरचं तपकिरी जाड कापड, मांडीला झोळ, आणि मागच्या दोन्ही गुडघ्यांना आतल्या बाजूनं घासून घासून भुरं झालेलं. ती जागा त्यानं कुठंतरी पाहिली होती. पाहिली कसली, तिथं स्वतःच्या हातानं ठिगळं लावली होती.

शेवटची मारामारी आली. नायक आणि दरोडेखोर समोरासमोर. दोघंही पापणी हलवत नाहीत. थिएटर गार. मधोमध मागे घोडा. आणि त्या घोड्यानं, जगाला विसरून, डाव्या मागच्या पायानं उजवी पोटरी खाजवली.

शिंप्यानं उपरणं तोंडात कोंबलं. खुर्ची हादरली. पुढचं टक्कल आणखी खाली गेलं आणि अंधारात दिसेनासं झालं.

घोड्याचं सगळं काम. घोड्यावरचं नव्हे, घोड्याचं, कापडाच्या आत शिरून मागचे दोन पाय व्हायचं. इतकी वर्षं मेहुणा एक अक्षर खोटं बोलला नव्हता. वर चढून बसली होती ती वहिनी.

दिवे लागले. बाहेर पायऱ्यांवर गल्ली गोळा झाली. चहावाल्यानं पंच म्हणून घसा साफ केला आणि जाहीर केलं, की सायकलवाले काही दिसले नाहीत. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मेहुणा पुढे झाला, कुणाच्याही डोळ्यांत न बघता.

"माझा सीन कापला असणार," तो म्हणाला. "मी हरलो." आणि घोडा व्हायला पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.

शिंपी बघत राहिला. खरं सांगितलं तर हा माणूस पैज जिंकतो, पण बायकोच्या घोड्यावरून कायमचा उतरतो. गप्प बसलं तर मेहुणा सगळ्या गल्लीत थापाड्या, आणि शिंप्याला फुकटची सवारी. सवारीची त्याला हौस होती. पण घोड्याच्या आतला माणूस ओळखलेला असताना त्याच्या पाठीवर बसायचं, हे काही त्याच्या टेपमध्ये बसेना. आणि खरं सांगायचं तर, अशी गंमत सगळ्यांत वाटून संपवणं त्याच्या जिवावर आलं.

"पँट सोडा मेहुणे," तो म्हणाला. "मी हरलो. मी पाहिलं तुम्हाला."

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. चहावाल्याचे डोळे बारीक झाले. वहिनी पुढे सरकली.

"कुठं पाहिलंत?"

"पार्श्वभूमीत," शिंपी गंभीरपणे म्हणाला. "जिथं जिथं घोडा, तिथं तिथं हे. अगदी मागच्या बाजूला."

"चेहरा दिसला?"

"चेहरा दाखवायचं काम नव्हतं वहिनी ते. जबाबदारीचं काम होतं. ह्यांच्यावाचून घोडा एक पाऊल हलला नसता."

चहावाल्याला काहीतरी शिजतंय असा वास आला होता. पण स्वतः हरायला कोण खोटं बोलेल, असा विचार करून त्यानं निकाल फिरवला. वहिनीनं पदर बोटाचा सोडला आणि म्हणाली, मला वाटलंच होतं, शेवटी शेवटी ओळखीचं काहीतरी हललं.

मग शिंपी आपल्या दुकानासमोर, भर चौकात, हातापायांवर उतरला. गल्ली दुतर्फा उभी. त्याची स्वतःची बायको सगळ्यात पुढे, आणि तिच्या चेहऱ्यावरून आज रात्री जेवण मिळणार हे नक्की झालं. मेहुणा दबकत दबकत पाठीवर बसला. बसला कसला, चिकटला. जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसत होता बिचारा.

चार पावलं झाली. मेहुणा खाली वाकला आणि कानाशी म्हणाला, "दाजी, तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

शिंपी तसाच पुढे रांगला. चौकाच्या मधोमध आला, थांबला आणि डाव्या पायानं उजवी पोटरी खाजवली.

पाठीवरचं वजन थरथरायला लागलं. रडतोय की हसतोय ते घोड्याला कळेना. मग कानाशी परत आवाज आला, अगदी जाणत्या माणसाचा.

"गुडघे जरा आत घ्या दाजी. म्हणजे लांबून खरा वाटतो."