पहिलं सापडलेलं गाव

"स्वप्नाताई, यादीत गावाच्या जागी नुसतं हॅश एन-ए, हॅश एन-ए. हे कुठलं गाव म्हणायचं?" डॉक्टरसाहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि पंखा डोक्यावर असूनही स्वप्नाच्या मानेला घाम फुटला.

सकाळचे साडेअकरा. वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार होतं. त्याआधी, जिचे दिवस भरलेत आणि अंगात रक्त कमी आहे अशी एकेक बाई घरून उचलून दवाखान्यात आणायची होती. जिल्ह्यात अशा एकेचाळीस. आरोग्य खात्याच्या सॉफ्टवेअरमधून दोन फायली निघाल्या होत्या. एकीत या एकेचाळीस जणींचे नोंदणी क्रमांक, दुसरीत जिल्ह्यातल्या सगळ्या गरोदर बायकांचे क्रमांक, गावं, फोन. दोन्ही जुळवून गाव खेचून आणायचं ते एक्सेलच्या व्हीलुकअपनं, आणि व्हीलुकअप म्हटलं की स्वप्ना. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरींवर चौदा वर्षं त्याच टेबलाशी. तिचं आडनाव निम्म्या ऑफिसला ठाऊक नव्हतं, पण एक्सेल अडलं की सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव.

तिनं एका क्रमांकावर क्लिक केलं, मग दुसऱ्या फायलीतल्या त्याच क्रमांकावर. दिसायला जुळे भाऊ. पण एका फायलीत ते आकडे म्हणून उतरले होते आणि दुसरीत मजकूर म्हणून, मग एक्सेल ओळख कशी देणार? तिनं आख्खा कॉलम आकड्यांत बदलला, फॉर्म्युला खाली ओढला, आणि एन-ए गेले की सगळे. एकेचाळीस गावं सरसर उमटली.

"वा," साहेब म्हणाले, यादी ग्रुपवर टाकली, बाराला गाड्या सुटल्या. स्वप्नानं डबा उघडला.

सव्वा वाजता बाबली ड्रायव्हरचा फोन. तो खारेपाटणच्या बाजूला गेला होता, सलोनी नावाच्या मुलीला आणायला. यादीतली सगळ्यात वाईट केस तीच. पहिलटकरीण, रक्त सहा.

"मॅडम, सलोनी हय नाय."

"नाय म्हणजे? खंय गेली?"

"सासू म्हणता, ओटी भरून म्हायेराक गेली. खंयच्या म्हायेराक तां इचारलंय तर तिना दार लावन घेतल्यान. तेंचा कायतरी बिनसलला दिसता. घोव जहाजार, तेचो फोन बंद. आता मी काय करू, दारार बसान रवू?"

स्वप्नानं डबा बाजूला सारला. तिनं सलोनीचा क्रमांक शोधायला टाकला. एक ओळ सापडली, वरची, खारेपाटण. तिनं पुन्हा एंटर दाबलं. खाली, पार खाली, दुसरी ओळ. क्रमांक तोच, नाव तेच. गाव तारकर्ली.

पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरची नर्स पोरीला त्याच क्रमांकावर परत नोंदवते, हे जिल्ह्यातल्या पोराटोरांना माहीत. स्वप्नाची स्वतःची नोंद अशीच दोनदा झाली होती. आणि व्हीलुकअप वरून खाली येतं, पहिलं जे सापडेल ते उचलतं आणि थांबतं. जुनी नोंद वर, म्हणून पहिलं नेहमी सासर.

मग एकटी सलोनीच कशी असेल?

तिनं फाईल तारखेनं लावली, नवी नोंद वर, जुनी खाली. फॉर्म्युला तोच राहिला, आणि तिच्या डोळ्यांदेखत सहा गावं बदलली.

ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, सहा गाड्या चुकीच्या गावी गेल्यात. चूक माझी आहे."

साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. "ताई, मी वर कळवून बसलोय, सगळ्या गाड्या बरोबर रवाना म्हणून."

"मग परत कळवा, सर. आधी मालवणची गाडी तारकर्लीला सोडा."

नंतरचे दोन तास दोघंही फोनवर. पाच जणी माहेरी धडधाकट सापडल्या, जवळच्या गाड्यांनी उचलल्या. तारकर्लीच्या रस्त्यावर माड आडवा पडला होता, तो कापेपर्यंत गाडी अलीकडे आणि सलोनी पलीकडे. कळा सकाळपासूनच सुरू होत्या.

साडेचारला मालवणच्या दवाखान्यातून रुक्मिणी सिस्टरचा फोन आला. दोघींची जुनी ओळख, ट्रेनिंगपासूनची.

"आयक गो. सलोनी जगली. रक्त लावलाहा. झील झालो."

"आणि?"

"पोरगो रडलो नाय. काचेच्या पेटीत ठेवलोहा. श्वास घेता, पण डॉक्टर म्हणतत, सकाळपर्यंत काय सांगाक येवचा नाय."

"रुक्मिणी, पहिल्यांदाच गाडी तारकर्लेक गेली असती तर? माड पडाच्या आधी?"

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तेवढा आवाज आला.

"तां माका इचारू नको," रुक्मिणी म्हणाली.

पाचला सॉफ्टवेअरवर दिवसाचा रिपोर्ट जायचा. यादीतल्या चौघी आज बाळंत झाल्या होत्या. तिघींच्या बाळांपुढे स्वप्नानं भरलं. सलोनीच्या बाळापुढच्या, चौथ्या रकान्यावर क्लिक केलं तर दोनच शब्द उघडले, जिवंत आणि मृत.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "एकच रकाना राहिलाय. तो भरल्याशिवाय रिपोर्ट जात नाही, ताई. काहीतरी टाका."

"काहीतरी नाही टाकणार, सर. एकदा भरलं की बदलता येत नाही, आणि पोराचं काय ते सकाळी कळणार."

"मुंबईहून दोनदा फोन आला. पुढच्या महिन्यात तुमची ऑर्डर संपतेय, नवीवर मला सही करायचीय."

"माहितीय."

"चौदा वर्षांत तुमचा रिपोर्ट एकदा उशिरा गेला नाही."

"आज जाईल," स्वप्ना म्हणाली. तिनं माउसवरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. बाहेर वाऱ्याचा जोर वाढला होता. स्क्रीनवर ते दोन शब्द उघडेच होते, आणि त्यांच्या वरचा रकाना रिकामा.