रंगाऱ्याचा लाल डाग

एकोणीसशे बहात्तर साली कापड रंगवणाऱ्या रंगशाळेला शाळांच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. सलग दीड महिना कढयांत निळ्याखेरीज दुसरा रंग उकळला नव्हता. म्हणूनच त्या सकाळी कपडे धुताना रंगाऱ्याच्या बायकोचा हात थबकला. नवऱ्याच्या विजारीवर लाल डाग होता.

"अहो, हा लाल कुठला?"

"रंगाऱ्याच्या अंगातून रंगच निघणार. दूध निघेल होय?"

ही थट्टा तो तीन वर्षं करत होता, आणि तीही हसून साबण घासत होती. रंग अंगात जिरतो, असं त्या धंद्यातले सगळेच मानत.

"दीड महिन्यात तुम्ही लाल रंगाला हात तरी लावलाय का?"

तो ओटीपोट दाबत म्हणाला, "कालपासून लघवी थेंबथेंबच होतेय गं. जीव जातो नुसता."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

रंगशाळा चालवणारा त्याचा थोरला भाऊ तिथं कढई ढवळत होता. "आजचा माल निघू दे, मग ने त्याला."

"भावोजी, माल तुम्ही काढा. माणूस मी नेते."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मूत्राशयात लिंबाएवढा खडा होता; लाल डाग त्याच्या घासण्यानं आलेल्या रक्ताचा होता. लघवी तुंबून दोन्ही मूत्रपिंडं सुजली होती, विष रक्तात उतरत होतं.

"आणखी चार दिवस घरी काढले असते, तर हाती काही उरलं नसतं."

"आता उरेल?"

"आधी नळी घालून तुंबलेलं काढू. ताप उतरला की खडा. मूत्रपिंडांचं नंतरच कळेल."

खडा निघाला. नळी काढली त्या दिवशी ती मोरीच्या दाराबाहेर उभी राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग धार लागली, न अडखळता.

"ऐकतेयस का?" आतून आवाज आला.

"सगळा वॉर्ड ऐकतोय," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून पोटभर रडली. रक्ततपासणीचा अहवाल संध्याकाळी आला. मूत्रपिंडं सावरली होती.

डॉक्टरीणबाई पुढच्याच वर्षी बदली होऊन गेल्या. थोरल्यानं कामगारांना दर वर्षी तपासून घेण्याचा नेम घातला, आणि स्वतः मरेपर्यंत तो मोडला नाही. रंगारी आणखी सव्वीस वर्षं जगला. शेवटी हृदय थांबलं, तेही झोपेत. त्याला आंघोळ घालताना नखांतला शेवटच्या मालाचा हिरवा रंग काही निघेना. शेजारी घासायला लागले, तेव्हा तिनं त्यांचे हात अलगद बाजूला केले.