मंत्रिमहोदयांचा कणा

"बाई, जरा गोड करून सांगा," परराष्ट्रमंत्री कुजबुजले आणि समोरच्या राजदूतांकडे बघून तोंडभर हसले.

दुभाषी बाईंना हे नवं नव्हतं. ज्या बलाढ्य देशाची भाषा त्या शिकल्या, त्याच्यापुढे एकेक मंत्री कमरेत वाकताना त्यांनी पाहिला होता. प्रत्येकाची लाळ त्यांनीच शुद्ध व्याकरणात पलीकडे पोचवली होती. आता त्या देशाची सद्दी संपत आली होती. दुसराच एक देश शिरजोर होत होता, आणि त्याच्याकडे तोंड फिरवण्याला मंत्रालयात 'समतोल धोरण' असं भारदस्त नाव मिळालं होतं.

आज या जुन्या दोस्ताबरोबरचा बंदराचा करार मोडायचा होता. मंत्र्यांनी मैत्री, इतिहास, बदलतं जग असं बरंच दळण दळलं. करार मोडतोय एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. मग चहाचा कप उचलता उचलता मंत्री सचिवांकडे झुकले.

"यांचं दुकान उठलंय, पण ऐट बघा म्हाताऱ्याची!"

सचिव खिदळले.

राजदूतांनी बाईंना विचारलं, "काय म्हणाले ते?"

अशा वेळी चहाची तारीफ पुढे करायची, हे बाईंच्या अंगवळणी पडलेलं. पण त्या खिदळण्याची त्यांना शिसारी आली. त्यांनी सांगून टाकलं. दुकानासकट, ऐटीसकट. वर, "करार संपला, असं त्यांना म्हणायचंय," हेही.

राजदूत उठले, बाईंपुढे किंचित मान लववली आणि निघून गेले.

"काय बोललात हो तुम्ही?" सचिवांचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब बोलले तेच."

दुसऱ्या दिवशी जुन्या दोस्ताने मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं छापून जाहीर निषेध केला आणि इकडे वर्तमानपत्रं नाचू लागली. देशाला अखेर कणा असलेला मंत्री मिळाला म्हणे! नोकरी गेली असं धरूनच बाई मंत्र्यांच्या दालनात शिरल्या. मंत्री फुलून बसले होते.

"काय बेधडक बोललो ना मी, बाई?"

बाईंनी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. माणसाला ते खरंच वाटत होतं.

"आता नव्या पाहुण्यांची भाषा शिकून टाका," मंत्री म्हणाले. "त्यांच्याशी मात्र जपून बोलावं लागेल हं."

"दुसरं कुणी बघा साहेब. तुम्ही वाकता आणि कंबर माझी मोडते."

"वय झालं तुमचं!" मंत्री खो खो हसले. बाईंनी राजीनामा दिला, तो त्यांनी हसत हसतच मंजूर केला.

राजदूतांना मायदेशी परत बोलावलं, त्या दिवशी विमानतळावर मंत्रालयातलं कुत्रंही फिरकलं नाही. बाई गेल्या. राजदूतांच्या भाषेत त्या जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलत आल्या होत्या. आज मध्ये कुणीच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द सापडेना.

राजदूतांनी हातातली बॅग खाली ठेवली आणि ते थांबून राहिले.