डावरीच्या हातची मूठ

जुना म्हणा, कुरकुऱ्या म्हणा, पण मी अजून कामाचा रंधा आहे, मित्रांनो. लाकूड तासून गुळगुळीत करणं हा माझा धंदा. अंग शिसवी, पातं पोलादी, आणि मूठ वाकडी. हसू नका, त्या मुठीचीच गोष्ट सांगायची आहे.

मिस्त्रींच्या वडिलांनी मला घडवलं. ते गेल्यावर मी मिस्त्रींबरोबर या कार्यशाळेत आलो. वाट चुकलेल्या पोरापोरींना मिस्त्री इथं सुतारकाम शिकवायचे. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे. संध्याकाळी सगळी हत्यारं आपापल्या आकृतीवर लागल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा नेम.

डावरी आली तेव्हा सोळा वर्षांची होती. डावखुरी, म्हणून डावरी. पाकिटं मारताना तीनदा सापडलेली. "इथं चोरी केलीस तर थेट सुधारगृहात, कुलपाआड," असं कचेरीतल्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण काय सांगू, तासलेल्या फळीवर हात फिरवताना पोरीचं तोंड असं काही खुलायचं! माझा जीवच जडला तिच्यावर.

एका दुपारी मी तिच्या हातून निसटलो. फरशीवर आपटलो आणि मूठ मधोमध तडकली. डावरी पांढरीफटक पडली. थोडा वेळ मला घेऊन ती फळ्यांच्या आड बसली, मग मला पिशवीत कोंबलं.

संध्याकाळी माझी जागा रिकामी. पिशव्या तपासल्या गेल्या.

"चोरलास ना?" बाई कडाडल्या.

"हो," डावरी म्हणाली.

मी हबकलोच. अगं वेडे, खरं सांग की! पण मला कुठं बोलता येतंय?

मिस्त्रींनी मला उलटंपालटं करून पाहिलं. मुठीला डावरीच्या केसांची रिबीन घट्ट गुंडाळलेली होती. आतला डिंक अजून ओला होता.

"विकायचा असता तर चिकटवत कशाला बसली असतीस?" ते हळूच म्हणाले. "मोडला का गं?"

डावरीला रडू फुटलं. "चोरीला किती मार बसतो ते ठाऊक आहे मला. तुमच्या वडिलांची वस्तू मोडली तर काय करतात, ते नाही ठाऊक."

"काय करतात? नवी मूठ करतात. उद्या बसू दोघं." मग ते बाईंकडे वळले. "बाई, मोडला असं लिहा. चोरी नाही."

बाईंनी त्या रिबिनीकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

तीन मुठी वाया गेल्या. चौथी बसली, पण डाव्या हाताकडे कललेली. बाकीची पोरं अजून माझ्या नावानं बोटं मोडतात. मिस्त्री मात्र मूठ बदलू देत नाहीत.

आता मिस्त्रींची नजर मंदावली आहे, शिकवते डावरीच. परवा एका नव्या पोराच्या हातून पटाशी पडली, धारेचा टवका उडाला. त्यानं ती झटकन पाठीमागं लपवली. डावरीनं ते पाहिलं. ती ओरडली नाही. मला भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिलं.

"मूठ कशी आहे?"

"वाकडी," तो घाबरत म्हणाला.

"माझ्या हातची आहे. आण ती पटाशी, धार लावू."

मित्रांनो, हत्यारांना तेल लावा, त्यांना गंजू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण कुणाच्या हातून काही मोडलं, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा. माझं काय, मला नवी मूठ बसते.