भर दुपारचे ठोके

घाबरू नका मित्रांनो, असे कठड्याला धरून उभे राहा. बोलतोय तो मीच, तुमचा जुना लोखंडी पूल. भर दुपारी माझ्यावर थांबू नका, ठोक्या येतो, असं आई बजावते ना? मग त्याची गोष्ट माझ्याकडूनच ऐका.

लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून मला उभारलं. जोडाजोडांत लालभडक तापवलेले रिवेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकले. काय थाट होता माझा! ठोक्या म्हणजे माझा तपासनीस. हातोडीने एकेक रिवेट वाजवायचा. पक्का रिवेट टणकन वाजतो, सैल झालेला बद्द. सैल रिवेटभोवती तो खडूने गोल काढायचा आणि मागून फिटर येऊन तो बदलायचा. लेकीलाही सोबत आणून तिचा कान तयार करायचा.

एकदा मोठे साहेब येणार म्हणून मुकादमाने घाईघाईत फिटरच्या आधी रंगारी चढवले. सगळ्या खुणा रंगाखाली गेल्या. ठोक्याने कपाळाला हात लावला. "अहो, काय केलंत हे! आता सैल कुठले शोधू?"

पुन्हा शोधायला तो एकटाच चढला. त्याने जी पट्टी धरली, तिचेच रिवेट सैल होते. पट्टी हलली, हात सुटला, खाली नदी. मी त्याला धरू शकलो नाही हो.

ती पट्टी बदलली, पण शेजारच्या जोडातला एक सैल रिवेट तसाच राहिला. उन्हाने लोखंड तापलं की तो ठोके देई. ठोक्याचं भूत आलं म्हणत लोकांची पाचावर धारण बसली. लेक मात्र धावत आली. पुढे तीच माझी तपासनीस झाली. रोज कान लावून विचारायची, "बाबा, जेवलात का?" आवाज बद्द आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी खडू खिशातच राहिला. रिवेट बदलला की बाबा गप्प होणार ना!

हळूहळू ठोके तीन जोडांतून येऊ लागले. माझा जीव खालीवर व्हायचा, कारण पोरांनी भरलेली शाळेची गाडी रोज माझ्यावरूनच जाते. गेल्या महिन्यात ती मधोमध आली आणि मी करकरलो. लेकीने ते ऐकलं, गाडी पार होऊ दिली. मग तिने रस्ता बंद करवला आणि तिन्ही जोडांवर गोल काढले.

"माफ करा बाबा," ती म्हणाली. रंगाऱ्यांनाही दटावलं, "फिटरचं काम होईपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही!"

मित्रांनो, सैल झालेल्यावर नुसता रंग फासू नका, एवढंच मागणं. आता मी पक्का आहे. काल भर दुपारी ती आली, जोडाला कान लावून बराच वेळ बसली. एकदा तरी वाजावं असं मला फार वाटलं, पण मला ते आता जमत नाही.