दिंफो खिंडीत असताना

बर्फ पडणार हे मादिंफोला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मेंढ्या चरणं सोडून आपणहून वाड्याशी येऊन उभ्या राहिल्या, वारा एकाएकी पडला आणि डोंगरामागचं आभाळ चुलीतल्या राखेसारखं झालं. एरवी अशा संध्याकाळी तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. हा-राफोका गावात म्हण होऊन बसली होती, की मादिंफोला नवऱ्याने पळवून आणली तेव्हा बर्फ पडत होता, म्हणूनच ती रडली नाही. पण या वेळी ती दारात उभी राहून आभाळाला म्हणाली, "एक दिवस थांब. उद्या माझी लेक वाटेत आहे."

आभाळ कधी कुणाचं ऐकतं? पहाटे तिने दार लोटलं तर ते अर्ध्यावरच अडलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता. वाड्याची दगडी भिंत, गोवऱ्यांचा ढीग, पीचची दोन झाडं, सगळं एका पांढऱ्या घोंगडीखाली गुडूप झालं होतं.

दिंफो तिची थोरली. खाली मासेरू शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात होती, आणि तिची दोन पोरं, न्याकालो आणि त्सेको, इथे आजीजवळ वाढत होती. काल रात्री दिंफोचा तालुक्याच्या गावातून फोन आला होता. पहाटेच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत पोचते. आणि मग, नेहमीसारखं, "आई, आभाळ भरलंय. काही झालं तरी त्सेकोला बर्फात सोडायचं नाही. कळलं ना?"

"कळलं गं."

"गेल्या वर्षीही असंच म्हणाली होतीस."

गेल्या हिवाळ्यात तीच पोराला घेऊन दिवसभर बर्फात लोळली होती. तिसऱ्या दिवशी त्सेकोची छाती भरली. रस्ता बंद होता. शेजारच्या मोहापीने त्याला पोटाशी बांधून घोड्यावरून दवाखान्यात नेलं, म्हणून पोर हाती लागलं. त्यानंतर दिंफोने ठरवलं, की पोरांना आता आपल्याजवळ न्यायचं. त्यासाठीच ती आज येत होती. येत होती म्हणजे खिंड ओलांडून, या बर्फातून. आणि फोनला सकाळपासून रेंज नव्हती.

"न्खोनो, पडलाय," गोधडीतून डोकं काढून त्सेको म्हणाला. आजीला इथली सगळी पोरं न्खोनो म्हणतात.

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? उठा, आंबील प्या."

दोघांनी गरम आंबील प्यायली. मग त्सेको दारापाशी जाऊन बसला आणि फटीतून बोट बाहेर काढून बर्फाला लावत राहिला. मादिंफो आत-बाहेर करत होती. शेकोटीत गोवरी घाल, बाहेर ये, खिंडीकडे बघ, आत जा. खिंड दिसतच नव्हती. तिथे नुसता एक मळकट पडदा लोंबत होता.

उन्हं वर आल्यावर मोहापी आला, घोड्याचा लगाम हातात धरून. डोक्यावरून कानटोपी, अंगावर जाड ब्लँकेट, मिशांवर बर्फ. तो आत आला नाही. त्याने मादिंफोलाच खुणेने भिंतीपलीकडे बोलावलं.

"पहाटेची गाडी निघाली होती. वरचे मेंढपाळ म्हणतात, वळणावर एक गाडी घसरलीय."

"कुठली गाडी?"

"ते कोण सांगणार? धुक्यात त्यांनी नुसता आवाज ऐकला. मी बघून येतो."

"मी येते तुझ्याबरोबर."

"आणि पोरं कुणाच्या गळ्यात बांधतेस? तू इथंच थांब. आणि हे तोंड घेऊन त्यांच्यासमोर जाऊ नकोस. पोरांना सगळं कळतं."

मोहापी गेला. मादिंफो भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. घसरली म्हणजे किती घसरली? त्या वळणाखाली काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. खाली नदी होती.

आत आल्यावर न्याकालोने विचारलं, "आई कुठपर्यंत आलीय?"

"येतेय. बर्फ आहे, वेळ लागणारच."

न्याकालो नऊ वर्षांची. ती आजीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिचा खालचा ओठ हलला. त्या ओठाकडे बघून मादिंफोला वाटलं, आता घरात बसलो तर आपण तिघंही रडायला लागू. मागच्या उतारावरून खिंडीतली वाट दिसायची. धुकं हटलं तर सगळ्यात आधी तिथूनच दिसेल.

"चला," ती म्हणाली. "पोती काढा."

त्सेकोला आधी खरंच वाटेना. "आई रागावेल."

"मला रागावेल. तुला काय त्याचं?"

तिने त्याला दोन स्वेटर चढवले, मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, मग गमबूट घातले. छातीवर लोकरीचं फडकं गुंडाळून वर ब्लँकेटला मोठी पिन लावली. पोर गाठोड्यासारखं दिसायला लागलं. त्याला हात खाली करता येईनात.

"असा मी घसरणार कसा?"

"गडगडत जा."

मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पोत्यांत पेंढा भरून ते तिघं उतारावर गेले. पहिली मादिंफोच बसली. हे दरवर्षीचंच होतं. वाट कशी आहे, दगड कुठे दबलाय, ते आजीने आधी बघायचं. तिने पाय वर घेतले आणि अंग झोकून दिलं. पोत्याने सुसाट पळ काढला. तोंडावर बर्फाचा भुगा उडाला, कानात वारा शिरला, आणि तेवढ्या क्षणात ती सत्तरीची नव्हती, कुणाची आईही नव्हती. खाली पोचून ती हसत हसत उठली. मग तिला दिंफो आठवली. हसू तोंडावरच थिजलं.

"न्खोनो, कसं आहे?" वरून त्सेको ओरडला.

"छान आहे. डावीकडे जाऊ नकोस."

पोरं घसरली, पडली, पुन्हा चढली. एकमेकांच्या मानेत बर्फ घालून झालं. त्सेकोने बर्फाची मेंढी केली आणि तिला लेंड्या म्हणून खडे ठेवले. मादिंफो हसण्याच्या जागी हसत होती. वर चढताना मात्र दर खेपेला तिची नजर खिंडीकडे जाई. पडदा तसाच. मोहापीचा पत्ता नाही. मध्येच त्सेको खोकला. एकदाच. तिने त्याला ओढून घेतलं आणि ब्लँकेटवरून छातीला कान लावला.

"घशात बर्फ गेला," तो म्हणाला.

"खाल्लास?"

"थोडासाच."

ती गुडघ्यावर बसूनच राहिली. एक पोर खिंडीत, एक इथे कुशीत, आणि दोघांच्या बाबतीत आपणच चुकतोय असं तिला वाटायला लागलं. आता घरी जावं. पण घरून वाट दिसत नाही. ती उठलीही नाही आणि गेलीही नाही.

दुपार कलली तेव्हा न्याकालो म्हणाली, "तिकडे माणसं आहेत."

धुक्याची खालची कड उचलली गेली होती. खिंडीखालच्या उतारावर काळे ठिपके हलत होते. पुढे घोडा होता. मोहापी घोड्यावर नव्हता, लगाम धरून चालत होता. घोड्यावर कुणीतरी आडवं होतं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं.

"इथंच थांबा," मादिंफो पोरांना म्हणाली, "एक पाऊलही हलू नका," आणि बर्फ तुडवत निघाली. मांडीएवढ्या बर्फात पाय रुतत होते. एकेक पाय हाताने उपसून काढायचा आणि पुढे टाकायचा. ती देवाला काही मागत नव्हती. मागायला शब्दच सुचत नव्हते. डोळे फक्त त्या घोड्यावरच्या गाठोड्यावर होते. गाठोड्याचा एक हात खाली लोंबत होता.

तेवढ्यात त्या माणसांमधून एक ठिपका बाजूला झाला. तो उताराच्या कडेला आला, खाली बसला, पाय वर घेतले आणि सरळ घसरायला लागला. पोतं नाही, काही नाही, नुसतं अंगावरच्या कोटावर. हात पोटाशी आवळलेले, मान किंचित मागे. मादिंफो जागच्या जागी थांबली. पोरांनी हात पसरले की मनगटं मोडतात, म्हणून हात पोटाशी घ्यायला तिनेच शिकवलं होतं, याच डोंगरावर, एका चिमुरड्या मुलीला.

दिंफो बर्फाच्या लोटासकट येऊन तिच्यापासून चार हातांवर थांबली. पायात एकच बूट होता. दुसऱ्या पायाला डोक्याचा रुमाल बांधला होता. ओठ निळे पडले होते.

"पोरं कुठेत?" तिने आधी हेच विचारलं.

"बरी आहेत. तू?"

"मी बरी आहे. गाडी डोंगराच्या बाजूला आदळली म्हणून वाचलो. ड्रायव्हरचा पाय मोडलाय. घोड्यावर तोच आहे."

मादिंफोने आपलं ब्लँकेट काढून तिच्यावर टाकलं आणि ती मटकन बर्फातच बसली.

पण उतारापाशी पोचल्यावर दिंफोला त्सेको दिसला. नाकापासून बुटापर्यंत पांढरा, गाल लालभडक. तिने त्याला असं आवळलं की पिन त्याला टोचली. मग ती आईकडे वळली.

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"तू खिंडीत होतीस," मादिंफो म्हणाली. "घरात बसवेना."

"म्हणून पोराला बर्फात घालायचं? गेल्या वर्षी जे झालं ते पुरलं नाही तुला?" दिंफोचा आवाज कापत होता, थंडीने की रागाने ते कळत नव्हतं. मादिंफोने मान खाली घातली.

न्याकालो हळूच म्हणाली, "न्खोनो आमच्याशी खेळत होती, पण सगळा वेळ तिकडेच बघत होती. गाडीचं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. मी त्सेकोला नाही सांगितलं."

दोघी बायकांनी तिच्याकडे बघितलं. एवढ्याशा जिवाने दिवसभर ते पोटात ठेवलं होतं आणि वर घसरगुंडी खेळली होती. दिंफोने तिलाही ओढून घेतलं.

घरी येऊन त्सेकोला कोरडं केलं, शेकोटीशी बसवलं. मादिंफो घडोघडी त्याच्या कपाळाला हात लावी. तिचा हात निघाला की दिंफोचा हात. शेवटी पोर वैतागलं. "माझ्या कपाळाला काय झालंय?"

त्याच्या कपाळाला काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला तो दिंफोला. चांगला सणसणीत. मादिंफोने दवण्यासारख्या उग्र वासाच्या पाल्याचा काढा उकळला, दगड तापवून फडक्यात गुंडाळून तिच्या पायांशी ठेवले, आणि लेकीचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. मनात धाकधूक होतीच. रस्ता अजून बंद होता. पण दोन दिवसांनी घाम फुटला आणि दिंफोने डोळे उघडले.

"खेळलं कोण आणि ताप कुणाला," ती पुटपुटली.

"तूही घसरलीसच की."

"मी जीव मुठीत धरून घसरले."

"दिसलं मला. पण हात बरोबर ठेवले होतेस."

दिंफो हसली आणि त्या हसण्याने तिला खोकला आला. मग ती छताकडे बघत म्हणाली, "पोरं मी नेणार, आई. ते काही बदलायचं नाही. मला ती जवळ हवीत."

"ने. तुझीच आहेत."

"हिवाळ्याच्या सुट्टीत पाठवीन. पण त्सेको खोकला, की लगेच घरात आणायचं. खिंडीत कुणीही असलं तरी."

"आणीन," मादिंफो म्हणाली. या वेळी तिने आवाज चढवला नाही की हसण्यावारीही नेलं नाही.

रस्ता उघडला, त्या सकाळी तिघं गाडीत बसली. मादिंफो उतारावर जाऊन उभी राहिली. गाडी वळणं घेत वर चढली, खिंडीच्या तोंडाशी टाचणीएवढी झाली आणि पलीकडे गेली. वळणावरचा बर्फ आता वितळून निसरडा झाला असेल, हे तिच्या डोक्यातून जाईना. ती दिवसभर फोन छातीशी धरून रेंज मिळेल त्या दगडावर बसून राहिली. मोहापीने हाक मारली तरी हलली नाही.

फोन आला तो दिवेलागणीला. आधी दिंफो बोलली, पोचलो म्हणाली. मग फोन त्सेकोने हिसकावला.

"न्खोनो, इथे बर्फच नाहीये."

"नसू दे. थंडी आहे ना?"

"आहे. नुसती थंडी," तो म्हणाला. "तिचं काय करतात?"